तुम्ही विचारलंत म्हणून: नाही, मी परिक्रमा उचललेली नाही

लग्नात भेटा, मुंजीत भेटा, इंदूरच्या रामबागेत भाजी घेताना भेटा, प्रश्न तोच. "काय हो, नर्मदा परिक्रमेच्या वाटेसाठी इतकी धावपळ करता, तुमची स्वतःची झाली का?" आणि मी नाही म्हटलं की तुम्ही असं बघता जणू हलवाई म्हणतोय मी गोड खात नाही. गुडघा आहे, नोकरी आहे, घरी आई आहे. पण कारण सांगितलं की लगेच "मग गाडीने करा ना" येतं, म्हणून तेही राहू द्या.

मुळात ज्याने परिक्रमा उचलली, म्हणजे नर्मदेभोवती चालायला सुरुवात केली, त्याच्याकडून हे वाट राखायचं काम होणार नाही. नर्मदा मैया उजव्या हाताला ठेवून पुढे जायचं, तिला ओलांडायचं नाही, मग मागे राहिलेल्या वाटेवरची बाभूळ तोडायला येणार कोण? आम्ही ग्रुपवाले मोरटक्क्याचा नर्मदेवरचा पूल ओलांडतो आणि रात्री इंदूरला परत, आम्हाला कसली बंधनं नाहीत. पुण्य मिळण्याचं म्हणाल तर आपल्या इंदूरच्या नळाला जलूदहून तिचंच पाणी येतं, आंघोळ रोज होतेच.

काम अगदी साधं आहे. पावसाळा संपला की विलायती बाभूळ तोडा, नाल्यात खचलेल्या पायऱ्या पुन्हा खणा, बाण रंगवा. उत्तर तटावर परिक्रमावासी पश्चिमेकडून येतात म्हणून बाण झाडाच्या पश्चिम अंगालाच, दुसऱ्या बाजूला मारला तर रंग फुकट. साल आधी ब्रशने घासायची, ओली असेल तर दुसऱ्या महिन्यात पापुद्रे निघतात. हे कोणी विचारत नाही.

खरं कठीण ते धरणामागे तुंबलेल्या पाण्यात, बॅकवॉटरमध्ये. २०१९च्या सप्टेंबरात सरदार सरोवर पहिल्यांदा पूर्ण, म्हणजे १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, चिखल्दा गाव पाण्यात गेलं आणि काठाची जुनी वाटही गेली. प्रत्येक नाल्यात पाणी आतपर्यंत शिरलेलं, त्याला वळसा घालायचा तर शेतांतूनच जावं लागतं. आम्ही शेतांच्या कडेने नवे बाण मारले. धार जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने ते खरवडून काढले आणि कपाशीभोवती झटका मशीनची, म्हणजे विजेचा झटका देणारी तार ओढली. आम्ही मंगळवारच्या जनसुनवाईत, जिथे सरकारी अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात, अर्ज दिला, पुन्हा दिला, शेवटी पटवारी, म्हणजे तलाठी, नकाशा घेऊन आला. आम्हाला वाटलं झालं काम.

पटवाऱ्याने नकाशा मोटरसायकलच्या सीटवर पसरला. जुनी वाट त्यात होती, ठिपक्यांची रेघ, आणि ती सगळी पाण्याखाली. शेतकरी खताच्या पिशवीतून आपले कागद काढून म्हणाला, "साब, आपका रस्ता डूब में गया, मेरा आधा खेत भी गया। अब जो बचा है उसमें से रस्ता दूँ?" आमच्यातला एक जण आस्था, परंपरा वगैरे बोलायला लागला. तेवढ्यात पलीकडून एक म्हातारी माताराम, म्हणजे परिक्रमेतली बाई, काठी टेकत आली. शेतकरी बोलणं अर्धवट टाकून उठला, मशीन बंद केलं, तार उचलून धरली, "नर्मदे हर, कितनी मूर्ति?" म्हणजे किती जण, असं विचारलं, ती एकटीच होती, तिला खाटेवर बसवून चहा दिला. मग आमच्याकडे वळला. "मैंने इनको कब रोका? मैंने आपका तीर मिटाया है। तीर देखके मोटरसायकलवाले आते हैं, गाड़ीवाले आते हैं, पूछते भी नहीं।"

मला राग आला होता, अजूनही येतो. त्याने थांबवलं नाही हे खरं, पण त्याचा मुलगा थांबवेल, जमीन विकली तर घेणारा थांबवेल, तेव्हा काय? अमेरिकेतला भाचा सांगतो की तिकडे ॲपलाचियन ट्रेलचंही असंच होतं, १९३७मध्ये वाट पूर्ण झाली ती बऱ्याच ठिकाणी खाजगी जमिनीतून, मग १९६८मध्ये कायदा झाला, सरकारने जमिनी घेतल्या, आणि देखभाल आजही व्हॉलंटियरच करतात. पूर्वी मी हेच ओरडून सांगायचो, वाट रेकॉर्डवर आणा, रुंदी ठरवा. आता म्हणतो, ज्याची अर्धी जमीन एकदा सरकारने बुडवली त्याच्या उरलेल्या शेतासाठी पुन्हा सरकारला बोलवायचं, आणि तेही मी, इंदूरहून सुट्टीच्या दिवशी जाणाऱ्याने? पण मग वाचवायचं कसं म्हणता? माझ्याकडे उत्तर नाही. ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना पुन्हा अर्ज द्यायचाय, मी सही केलेली नाही, त्यावरून आमच्यात अबोलाही आहे.

त्या तुकड्यात सध्या बाण नाहीत. परिक्रमावासी चुकतात, वर डांबरी रस्त्याला लागतात, तिथे डंपर असतात, मग कुणाकडून तरी माझा नंबर मिळवून फोन करतात. मी सांगतो, खाली उतरा, कपाशीत माणूस दिसेल, त्याला हाक मारा.