पिनबॉलच्या पोटातला बीगल

मी शिकागोच्या पश्चिमेला एका साइन आणि गाड्यांच्या रॅपिंगच्या दुकानात काम करतो. कोल्हापूरला होतो तेव्हा ब्रश घेऊन दुकानांच्या पाट्या रंगवायचो, फ्लेक्स आला आणि तो धंदा बसला, मग फिरत फिरत इथं येऊन विनाइल, म्हणजे छापील चिकट प्लास्टिक फिल्म लावायचं काम, शिकलो. रोजचं काम म्हणजे प्लंबरच्या व्हॅन, पिझ्झावाल्यांच्या काचा, शाळेच्या बसवरची अक्षरं. त्यामुळं जानेवारीत मालक म्हणाला की उद्या एकाच्या घरी जाऊन पिनबॉल मशीनला आतून चित्र चिकटवून यायचंय, तेव्हा मला वाटलं गडी चेष्टा करतोय. आतून कशाला, आत कोण बघतंय?

ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी, आपल्याकडं लहानपणी खिळे ठोकलेला लाकडी बोर्ड आणि काचेच्या गोळ्या असलेला बगाटेल असायचा ना, दांडी ओढून गोळी सोडायची आणि ती कुठल्या कप्प्यात पडते बघत बसायचं, पिनबॉल त्याच घराण्यातला. फक्त हा वाढून शंभर किलोच्या वर गेलाय, त्यात दिवे, कॉइल म्हणजे विजेवर धक्का देणारी तारेची वेटोळी, गोळी चढायचे रॅम्प आणि खाली दोन फ्लिपर, ज्यांनी गोळी परत वर मारायची. हे फ्लिपर १९४७ मध्ये आले, त्याआधी गोळी सोडली की पुढचं सगळं नशिबावर, म्हणून लोक याला जुगार समजायचे आणि न्यूयॉर्कनं १९४२ मध्ये बंदीच घातली ती १९७६ पर्यंत. ती कशी उठली तर रॉजर शार्प नावाच्या माणसानं नगरपालिकेच्या कमिटीपुढं मशीन ठेवून आधी सांगितलं की गोळी इथून जाणार, आणि तिथूनच घालवली. मला सगळ्यात भारी वाटतं ते वेगळंच, गॉटलिब, बॅली, विल्यम्स ह्या सगळ्या मोठ्या कंपन्या शिकागोच्या, आणि शिकागोतसुद्धा हा खेळ सत्तरच्या दशकापर्यंत बंद. म्हणजे बनवायचं गावात आणि खेळायचं गावाबाहेर!

हे सगळं मला आमच्या कस्टमरनंच सांगितलं. रेल्वेच्या सिग्नलवर आयुष्य काढून रिटायर झालेले आजोबा, हातात कायम स्क्रूड्रायव्हर. त्यांच्या बेसमेंटमध्ये नव्वदच्या दशकातलं विल्यम्सचं मशीन. विल्यम्सनं १९९९ मध्ये पिनबॉल बंद केलं, त्यामुळं ह्या मशीन लोक आता जिवापाड सांभाळतात. त्यांनी पहिल्याच वाक्यात बजावलं, बाहेरून हात लावायचा नाही. बाहेरचं चित्र मूळचं, स्क्रीन प्रिंट केलेलं, एका बाजूनं उन्हानं लाल रंग पार विटून गुलाबी झालेला. लाल नेहमी आधी जातो, कुठल्याही जुन्या पाटीकडं बघा. माझं मत विचाराल तर ते बरोबर बोलत होते. नवीन चकचकीत स्टिकर मारून मशीन नवीन दिसलं असतं पण त्याचा जीव गेला असता, आणि किंमतही.

आत मात्र त्यांना नवीन हवं होतं. काच आणि खालचा खेळाचा बोर्ड, म्हणजे प्लेफिल्ड, यांच्यामध्ये कॅबिनेटच्या दोन्ही बाजूच्या ज्या भिंती दिसतात त्या नुसत्या काळ्या असतात. तिथं लावतात त्या पट्ट्यांना आर्ट ब्लेड म्हणतात. चित्र त्यांच्या नातीनं काढलेलं, ती आर्ट कॉलेजात शिकते. डावीकडं सकाळचं शिकागो, उजवीकडं रात्रीचं, उंचावरून जाणारी लोकल, खिडक्या, सिग्नलचे दिवे, आणि रुळांच्या खाली पळणारं एक बीगल कुत्रं. ते कुत्रं खरंखुरं घरात होतं आणि तिथंच आमच्या कामाची पहिली अडचण सुरू झाली. विनाइलवाल्याला पाऊस परवडतो पण कुत्र्याचा केस परवडत नाही. एक केस फिल्मखाली गेला की वरून शीर उठल्यासारखी रेघ दिसते आणि ती कशानंही बसत नाही. त्याला वरच्या मजल्यावर कोंडलं, तर तो दाराआडून दिवसभर आम्हाला शिव्या घालत होता.

फिल्म आदल्या दिवशीच त्यांच्या घरात नेऊन ठेवायला सांगितली होती. बाहेर थंडी एवढी की व्हॅनमधला रोल कडक होतो, गोंद पकडत नाही. माझ्याबरोबर दुकानातला पोरगा होता, मूळचा मेक्सिकोचा, हात एकदम हलका. आजोबांनी प्लग काढला, कॉइन डोअर उघडून आतला खटका ओढला, पुढचा लोखंडी लॉकडाउन बार उचलला आणि काच बाहेर सरकवली. काच कार्पेटवर ठेवायची, फरशीवर नाही, टफन्ड काचेची कड फरशीला लागली तर क्षणात चुरा. मग गोळ्या काढून घेतल्या, प्लेफिल्ड पुढं ओढून वर उचलला आणि मागच्या उभ्या खोक्याला, म्हणजे बॅकबॉक्सला, टेकवून उभा केला.

खालची बाजू मी पहिल्यांदाच बघत होतो आणि बघतच राहिलो. वरून एवढा रंगीबेरंगी खेळ आणि खाली वायरींचं जंगल, कॉइल, दिव्यांचे सॉकेट, सगळं मेणाच्या दोऱ्यानं नाहीतर टायनं बांधलेलं. फ्लिपरच्या कॉइलला सत्तर व्होल्ट लागतात म्हणाले, "म्हणून प्लग काढल्याशिवाय हात घालू नकोस." बऱ्याच ठिकाणी नवीन सोल्डर चमकत होता, काही ठिकाणी कागदाचे बारके टॅग, त्यांच्या अक्षरात.

आम्ही फिल्म लावायच्या आधी नेहमी साध्या कागदावर फुल साइज प्रिंट काढून टेपनं लावून बघतो. तसं लावलं, प्लेफिल्ड हळूच खाली आणला आणि तिघंही गप्प. लोकल दिसत होती, बिल्डिंगा दिसत होत्या. कुत्र्याचे फक्त कान दिसत होते. बाकी अख्खं कुत्रं प्लेफिल्डच्या खाली गेलेलं. होतं काय, बोर्ड खेळणाऱ्याकडं उतरता असतो, साडेसहा अंशाच्या आसपास, आणि काच वेगळ्याच उताराची, त्यामुळं भिंतीचा दिसणारा भाग मागं उंच आणि पुढं एकदम निमुळता होत येतो. कुत्रं पुढच्या बाजूला, नेमकं निमुळत्या जागी. मला वाटलं पोरीनं टेम्प्लेटचा पूर्ण पॅनल कॅनव्हास धरला आणि काय झाकलं जाईल ते बघितलंच नाही, हे आमच्याकडं दर महिन्याला होतं, लोक व्हॅनच्या दारावर फोन नंबर अशा जागी टाकतात की दार सरकवलं की अर्धा नंबर गायब.

मी म्हटलं, फाइल परत करूया, कुत्रं मागं वर घेऊया, दोन दिवस लागतील. आजोबांचा चेहरा पडला होता पण नातीला वाईट वाटेल म्हणून बोलत नव्हते. शेवटी व्हिडिओ कॉल लावला. मी तिला जपून जपून सांगायला लागलो की तुझं कुत्रं झाकलं जातंय बरं का, तर ती हसायलाच लागली. म्हणाली, "मला माहितीये. आजोबा खेळतात कुठं? ते कायम प्लेफिल्ड उभा करून आत डोकं घालून बसलेले असतात. कुत्रं त्यांच्यासाठी आहे. खेळणाऱ्यांसाठी ट्रेन आहे."

आजोबांनी फोन माझ्याकडून घेतला आणि तिला म्हणाले, हो हो, दिवा गेला होता एक, म्हणून परवा उघडलं होतं. ती म्हणाली, दर परवा?

मग आम्ही कामाला लागलो. आतला काळा रंग जुना आणि खडबडीत, टेपचा तुकडा चिकटवून ओढला तर टेपला काळी पूड आली. अशा रंगावर विनाइल लावलं तर फिल्म रंगासकट सोलून येणार. वायरींवर चादर टाकली, व्हॅक्यूम चालू ठेवून बारीक पॉलिशपेपर मारला, अल्कोहोलनं पुसलं, परत टेप ओढून बघितली तेव्हा स्वच्छ आली. साबणाच्या पाण्यानं फिल्म सरकवत लावता येते, सोपं पडतं, पण खाली एवढी वायरिंग असताना पाणी वापरायचं धाडस कोण करणार, म्हणून कोरडंच लावायचं ठरलं. मधोमध टेपचा बिजागर केला, अर्धा लायनर, म्हणजे फिल्मच्या गोंदामागचा कागद, सोलून कापला, फिल्म दाबायची पट्टी, स्क्वीजी, मधून बाहेर फिरवली. पोरगा बॅकबॉक्सच्या बाजूनं फिल्म ताणून धरून, मी कमरेपर्यंत आत वाकलेला. फ्लिपरच्या बटणांची भोकं नंतर मागून शोधून ब्लेडनं कापली. चित्रावरचं पारदर्शक लॅमिनेट मॅट घ्यायचं का ग्लॉसी यावर आधीच वाद झाला होता, मी मॅट म्हणत होतो कारण त्यावर ओरखडा कमी दिसतो, आजोबा ग्लॉसवर अडून बसले. दिवे लागल्यावर कळलं का ते. रात्रीच्या बाजूला लोकलच्या खिडक्यांवर प्लेफिल्डचे खरे दिवे चमकत होते, म्हणजे ट्रेन चालू आहे असंच वाटत होतं. तिथं मी हरलो.

सगळ्यात टेन्शनचं काम मात्र प्लेफिल्ड खाली आणायचं. बोर्डाची कड आणि भिंत यात फट जेमतेम, कडेला लोखंडी पट्ट्या, एक घासली की आठ तासांच्या कामावर रेघ. मी विनाइलचाच सोललेला लायनर दोन्ही भिंतींना लावून धरला, त्याच्यावर सिलिकॉन असतं, इतका गुळगुळीत की बोर्ड त्याच्यावरून घसरत आला आणि मग लायनर वर ओढून काढला. एक ओरखडा नाही. काच, बार, प्लग, सगळं जागेवर. आजोबांनी पहिला बॉल सोडला, तो दोन सेकंदात फ्लिपरच्या मधून गटारात. दुसरा जरा चालला. तिसरा खेळता खेळता ते थांबले, डाव्या रॅम्पच्या बाजूला वाकून बघितलं आणि म्हणाले, "तो दिवा लागत नाहीये."

मी म्हटलं राहू द्या, उद्या बघा, गोंद बसायला एक दिवस द्या. पण त्यांनी बोलता बोलता प्लग काढला होता, कॉइन डोअर उघडलं होतं, एक हात खटक्यावर. मी व्हॅनपर्यंत गेलेल्या पोराला हाक मारली, "अरे लायनर आण, लायनर! फेकू नकोस!"