सड्यावरच्या चित्रांची मोजणी

रिफायनरी आली नाही, पण तिच्या नावाने गाव दुभंगला. नाणारची अधिसूचना २०१९ मध्ये रद्द झाली, मग बारसूचं नाव पुढे आलं. एप्रिल २०२३ मधल्या माती परीक्षणानंतर तर समर्थक आणि विरोधक एकमेकांच्या घरच्या कार्यालाही जाईनात. आमचं गाव त्याच तालुक्यातलं, राजापूरचं.

एकोप्याच्या बैठका झाल्या. पाहुण्यांनी भाषणं केली, चहा झाला, दोन्ही बाजू आल्या तशा उठून गेल्या. मला तर वाटतं, असल्या बैठकीने तेढ वाढतेच, कारण प्रत्येकाला चारचौघांत आपली बाजू पुन्हा मांडावी लागते. म्हणून आम्ही काही जणांनी प्रकल्पाचं नावच काढायचं नाही असं ठरवलं आणि सड्यावरच्या, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरच्या, कातळशिल्पांची, म्हणजे जांभ्यात कोरलेल्या जुन्या चित्रांची, नोंद करायला घेतली. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोवा मिळून अशी नऊ ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, बारसूही त्यात आहे. आमची चित्रं ना त्या यादीत, ना कुणाच्या वहीत.

खरा त्रास संमतीचा. सडा सामायिक, सातबाऱ्यावर नावांची रांग, निम्मी माणसं मुंबईत. शिवाय समर्थकांना वाटलं, हा प्रकल्प अडवायचाच डाव आहे. विरोधकांना वाटलं, मोजणी म्हणजे सर्व्हेच. शेवटी कागदावर लिहून दिलं: नोंदीत प्रकल्पाबद्दल चकार शब्द नसेल, आणि वहीची एकेक प्रत दोन्ही वाड्यांत राहील. तेव्हा कुठे सह्या झाल्या.

दिवाळीनंतर गवत वाळलं तेव्हा काम सुरू केलं. खराट्याने झाडायचं, खाचेतली माती काटकीने काढायची. लोखंड लावायचं नाही, जांभ्याचा टवका उडतो. दुपारी डोक्यावर ऊन असताना कातळावर काही म्हणता काही दिसत नाही. सकाळच्या तिरप्या उन्हात रेघ अन् रेघ उठून येते. त्यामुळे उजाडताच सगळ्यांना वर यावं लागे.

एका चित्रावर सुंभ ताणून चौकोन पाडत होतो. समर्थकांतले आमचे तात्या म्हणाले, "ही मुशी." म्हणजे शार्क. पलीकडच्या टोकाला, विरोधकांतले अण्णा सुंभ धरून बसले होते. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांग, मुशीचं अंग असं पसरट असतं काय? पाकट आहे ती." मी सांगायच्या आतच तात्या उसळले, "मग शेपटीचा काटा दाखव!" अण्णा उठून आले. दोघं गुडघ्यांवर बसून बोटांनी शेपटी चाचपत राहिले. काटा काही सापडला नाही. वहीत 'मासा, बहुधा पाकट' असं लिहिलं. तात्यांनी 'बहुधा'वर बोट ठेवून घेतलं.

मतं दोघांचीही बदललेली नाहीत. चित्राभोवती गडगा घालायचं ठरलंय, पण चिऱ्यांची गाडी कुणाच्या जागेतून न्यायची यावर अडलंय. मे महिन्यात चाकरमानी आले की बसायचं आहे, आणि यावेळी अण्णांच्या खळ्यात.