टीचिंग की नॉन-टीचिंग?

मी टीचिंग की नॉन-टीचिंग, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॉलेजात नोकरी आहे म्हटलं की लग्नकार्यात काय, लोकलमध्ये काय, पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "टीचिंगमध्ये की नॉन-टीचिंगमध्ये?" कागदोपत्री मी नॉन-टीचिंग आहे. मुंबईतल्या एका कॉलेजच्या दिव्यांग विद्यार्थी सहाय्य कक्षात मी काम करते, आणि दिवसभर शिकवत असते.

एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या, अर्थशास्त्राचंच घ्या. सर फळ्यावर मागणीचा वक्र काढतात आणि म्हणतात, "हा असा खाली येतो." वर्गात बसलेल्या दृष्टिहीन मुलीला 'हा असा' कसा कळणार? मग पुठ्ठ्यावर हिराच्या काड्यांचे दोन अक्ष चिकटवायचे आणि वक्रासाठी फेविकॉलने लोकरीचा दोरा लावायचा. तिने दोऱ्यावरून बोट वर नेलं की ते आपोआप डावीकडे सरकतं. किंमत वाढली की मागणी घटते, हे तिचं तीच सांगते. पुढे येतो मागणीचा विस्तार आणि मागणीतली वाढ यांतला फरक. इथे डोळस मुलंही हमखास गोंधळतात. मी उजवीकडे दुसरा दोरा लावते. किंमत उतरली आणि बोट त्याच दोऱ्यावरून खाली गेलं, तर तो विस्तार. किंमत तीच राहिली आणि बोट उचलून दुसऱ्या दोऱ्यावर ठेवावं लागलं, तर ती वाढ. हा पुठ्ठा नंतर डोळस मुलंही मागून नेतात. पण दोरा कुठे लावायचा, कोणती रेघ गाळायची, किती रेघांनंतर बोट गोंधळतं, हे ठरवायला विषयही यावा लागतो आणि बोटांनी वाचणाऱ्याची रीतही.

नोट्सची तऱ्हा वेगळीच. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची प्रमाण पद्धत, नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या मराठी नोट्स कागदावर छान दिसतात. एनव्हीडीए हे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या वाचायला लागलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा ऐकू येतो. फाइल युनिकोडमध्ये आणली तरी जोडाक्षरं मोडतात, ती एकेक करून दुरुस्त करावी लागतात. परीक्षेच्या तोंडावर हे काम रात्री घरी चालतं.

2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव ठेवल्या. 2022 साली यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वंही काढली. मुलं येताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यांच्यासोबत बसणाऱ्या माणसाला ना पद, ना बढतीची पायरी. यूजीसीच्या 2018च्या नियमावलीत शिक्षकांबरोबर ग्रंथपाल आणि शारीरिक शिक्षण संचालक येतात. त्यांची पात्रता आणि बढतीचे टप्पे तिथे लिहिलेले आहेत, आणि ते योग्यच आहे. आमचा वर्ग त्यात नाही.

याची झळ शेवटी मुलांना बसते. आमच्याकडचा एक अतिशय हुशार सहकारी अकरा महिन्यांच्या कंत्राटांना कंटाळून भर सत्रात सॉफ्टवेअर कंपनीत गेला. ब्रेलमधली गणिताची चिन्हं येणारा तो एकटाच होता. नव्याने आलेला मुलगा ती शिकेपर्यंत परीक्षा उरकली.

ब्रिटनमध्ये 2006पासून उच्च शिक्षणात शिकवणाऱ्यांसाठी आणि शिकण्याला आधार देणाऱ्यांसाठी एकच व्यावसायिक चौकट आहे. ॲडव्हान्स एचई ही संस्था तिच्या आधारे चार पातळ्यांवर फेलोशिप, म्हणजे व्यावसायिक मान्यता, देते. ग्रंथालयातले, प्रयोगशाळेतले, अध्ययन-सहाय्य करणारे लोकही तिच्यासाठी अर्ज करू शकतात. त्यांनी मांडलेलं प्रत्यक्ष काम तपासलं जातं. ती चौकट जशीच्या तशी इथे आणा, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे पदच मंजूर नसेल तर नुसतं प्रमाणपत्र भिंतीवर लटकत राहील. पण कामाकडे बघून माणसाची पात्रता ठरवायची, ही गोष्ट घेण्यासारखी आहे.

वेगवेगळ्या कॉलेजांतल्या आम्ही काही जणी मिळून विद्यापीठाला द्यायचं निवेदन तयार करतोय. सोबत आमचे पुठ्ठे, दुरुस्त केलेल्या नोट्स आणि मुलांचे अभिप्राय जोडणार आहोत. मागण्या सरळ आहेत: प्रत्येक कॉलेजात अध्ययन-सहाय्यकाचं एक मंजूर पद, शिक्षकांच्या प्रशिक्षण वर्गांत आम्हालाही प्रवेश, आणि पद निघेल तेव्हा कंत्राटावर काढलेली वर्षं अनुभवात धरणं.