मासेवाल्याच्या खोक्यातला पुरावा

सकाळी सहाला भोई वस्तीतून फोन आला. "मॅडम, मासं पाण्यावर तरंगाय लागल्यात. लवकर या." सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णाकाठचं गाव आहे, प्रकरण चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. माझ्या वकिलीच्या सनदेचं तेव्हा दुसरं वर्ष होतं.

बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले, पाणी जवळपास थांबलेलं. अशा वेळी नाल्यातून कारखान्याचं मळीचं सांडपाणी आलं की जिवाणू ते खाता खाता पाण्यातला ऑक्सिजन संपवतात. माशांना लिटरमागे ४ मिलिग्रॅम तरी हवा असतो. पण मेलेला मासा दोषी कोण ते सांगत नाही.

फोटो काढलेल्या पोरांना म्हटलं, मूळ फाइल फोनमध्येच राहू द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या फोटोचा हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, बदलतो, आणि डिजिटल पुराव्यासोबत द्यायच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो लिहावा लागतो.

साडेदहाला प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी आले, हातात एकच कॅन. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल तक्रारीला जोर देतो, पण कारवाईचा कणा म्हणजे जल अधिनियम, १९७४ च्या कलम २१ खालचा नमुना. त्यात कारखान्याला नमुना घेतानाच, तिथल्या तिथे नोटीस द्यायची, मागणी झाली तर नमुन्याचे दोन भाग करायचे, सील करून दोघांनी सह्या करायच्या. यातलं काही चुकलं तर अहवाल पुराव्यात येतच नाही, आकडे कितीही भयंकर असोत.

खरी गोची वेळेची. आधी गेटवर गेलं तर अर्ध्या तासात नाला कोरडा. म्हणून एक कर्मचारी नाल्यावर उभा राहिला, दुसरा नोटीस घेऊन गेटवर. "साहेब भायेर गेल्यात," वॉचमन म्हणाला. जबाबदार माणूस मुद्दाम आला नाही, तर नमुना अधिकाऱ्याच्या एकट्याच्या सहीने सील होतो. फक्त ती गैरहजेरी विश्लेषकाला लेखी कळवायची. हे पत्र हमखास राहून जातं. आम्ही ते नाल्यावरच लिहून घेतलं.

जागा तीन: नाल्याचं तोंड, त्याच्या खाली आणि त्याच्या वर. वरचा नमुना नसेल तर "घाण वरच्या गावांतून आली" हा बचाव तयारच असतो. पंच तक्रारदारांतले घेतले नाहीत.

मग बर्फ. उन्हात गाडीत कॅन तापला की जिवाणूंचं जेवण बाटलीतही चालू राहतं आणि प्रयोगशाळेत बीओडी, म्हणजे घाण खायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन, कमी भरतो. म्हणजे निष्काळजीपणाचा फायदा कारखान्याला. नदीत सोडायच्या पाण्याला बीओडीची मर्यादा लिटरमागे ३० मिलिग्रॅम, त्यामुळे या मर्यादेच्या आसपासच्या नमुन्याला हा फरक फार महागात पडतो. अधिकाऱ्यांकडे बर्फ नव्हता. तो निघाला मासेवाल्याच्या थर्माकोलच्या खोक्यात. सीओडीच्या, म्हणजे घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो त्या चाचणीच्या, बाटलीत मात्र सल्फ्युरिक आम्ल घालावं लागतं, ते त्यांच्याकडे होतं.

संध्याकाळी डायरीत सकाळचीच तारीख मांडली. पुण्यातल्या हरित न्यायाधिकरणात त्याच्या कायद्याच्या कलम १४ खालच्या अर्जाची मुदत कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर आणखी ६० दिवस. जाळी आणि मासळीच्या भरपाईला कलम १५ खाली पाच वर्षं मिळतात, पण नाला बंद करून घ्यायचा असेल तर तेवढं थांबून चालत नाही.