इंटर्नशिपच्या आधीची हात-स्वच्छतेची परीक्षा

इंटर्नशिप सुरू होण्याआधी मायक्रोबायॉलॉजीवाल्यांनी आमची हात-स्वच्छतेवर लेखी परीक्षा घेतली. प्रश्नावली जागतिक आरोग्य संघटनेची. एमबीबीएस झालेल्यांना हात धुण्याबद्दल काय विचारणार, असं बहुतेकांना वाटत होतं. पण रुग्णालयातल्या संसर्गाचे जंतू बहुतेक वेळा येतात कुठून, या प्रश्नावर कुणी हवा लिहिलं, कुणी पाणी. उत्तर होतं, रुग्णाच्या स्वतःच्या अंगावरचे किंवा शरीरातलेच जंतू. त्यांना एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर नेतात ते आपले हात. हँडरब, म्हणजे हातांना चोळायचं अल्कोहोलचं द्रव, किमान 20 सेकंद चोळावं लागतं आणि त्याने त्वचा साबणापेक्षा कमी कोरडी पडते, हेही अनेकांना नवीन होतं.

मग प्रात्यक्षिक. चमकणारं द्रव्य मिसळलेलं हँडरब चोळून हात अतिनील दिव्याखाली धरायचे. तळवे लख्ख उजळले, अंगठे आणि बोटांची टोकं मात्र बऱ्याच जणांची काळीच राहिली. नाडी बघताना, सुई लावताना नेमकी तीच टोकं रुग्णाला लागतात.

खरी कसोटी वॉर्डात होती. इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर फॉर्म घेऊन उभ्या राहायच्या आणि हात स्वच्छ करण्याचे पाच प्रसंग तपासायच्या: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवी वगैरेंशी संबंध आल्यावर, रुग्णाला तपासून झाल्यावर आणि नुसत्या त्याच्या आजूबाजूच्या वस्तूंना हात लावल्यावरही. ड्रेसिंग झालं की हात सगळेच धुतात. घाण आपल्याला लागलेली असते ना. पण कॅथेटरला हात लावण्याआधीची स्वच्छता त्या रुग्णासाठी असते, आणि तीच जास्त राहून जाते. पाचवा प्रसंग तर कुणाच्या गावीही नसतो: सलाईनचा वेग कमी केला, खाटेचा कठडा वर केला आणि तसेच पुढच्या पेशंटकडे. ग्लोव्हज घातले म्हणून यातलं काहीच टळत नाही. काढल्यावर हात स्वच्छ करावेच लागतात. सी. डिफिसिल या आतड्यातल्या जंतूमुळे जुलाब होणारा पेशंट असेल तर साबण-पाणीच, कारण त्याचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत.

माझ्या मते ही परीक्षा फक्त इंटर्नची घेऊन भागणार नाही. राउंडला सर पहिल्या खाटेपाशी स्वतः हँडरब घेतात, त्या दिवशी मागे उभे असलेले रेसिडेंट आणि आम्ही सगळेच बाटलीकडे हात नेतो. बाटली खाटेपाशी हवी, हे मात्र खरं. ती वॉर्डाच्या दारात टांगलेली असेल, तर भरलेल्या वॉर्डात दोन पेशंटच्या मधे तिथवर कुणी जात नाही.