प्लगवरची राख

नवा ऑक्सिजन सेन्सर बसवून बावीस दिवस झाले आणि तीच गाडी, तोच इंजिनाच्या बिघाडाचा पिवळा लाइट, परत माझ्या दारात. कोल्हापुरात उद्यमनगरात गॅरेज टाकून मला एकोणीस वर्षं झाली. सेन्सर मरतात, मान्य. पण बावीस दिवसांत? पहिला संशय पार्टवाल्यावर. डुप्लिकेट माल गळ्यात मारला म्हणून त्याला फोनवर नको ते बोललो. त्या बिचाऱ्याची माफी अजून मागायची राहिलीय.

गाडी २०२१ची, टर्बो पेट्रोल, पुण्यातून रिमॅप करून, म्हणजे ताकदीसाठी इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून आणलेली. मालक पंचविशीतला, हौशी. पहिल्या खेपेला स्कॅनरवर पी०१३३ हा कोड होता, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणारा पुढचा सेन्सर आळसावलाय. अॅक्सिलेटर दाबला की त्याचा आलेख चटका बसल्यासारखा उडायला पाहिजे. हा जेवून आडवा झालेल्या माणसासारखा सावकाश कूस बदलत होता. सेन्सर बदलला, आलेख झकास, गाडी दिली.

दुसऱ्या खेपेला पी०१३३ होताच, वर पी०४२०. म्हणजे कॅटकॉन, धुरातली घाण साफ करणारा डबा, कामातून गेला. त्याच्या मागेही एक सेन्सर असतो. कॅटकॉन धड असेल तर गाडी रमतगमत चालताना त्या सेन्सरची रेघ जवळपास सपाट राहते. इथे ती वरखाली नाचत होती. कॅटकॉन खाली उतरवून आत टॉर्च मारली. वितळलेला नाही, फुटलेला नाही, चोंदलेला नाही. आतली जाळी मधाच्या पोळ्यासारखी, एक घर मोडलेलं नाही. बघताना दिसतंय नवं आणि काम शून्य, हे माझ्या डोक्यात बसेना.

आबा दुपारी चहाला गॅरेजवर येतात. फियाट आणि अॅम्बॅसिडरवर त्यांचं आयुष्य गेलं, स्कॅनरला ते टीव्ही म्हणतात. मी स्पार्क प्लग काढून फडक्यावर ठेवले होते. त्यातला एक उचलून त्यांनी उन्हात धरला, नखानं खरवडला.

"शिसं हाय हे. पेट्रोल कुठलं घालतोय त्यो?"

मी हसलो. म्हटलं, आबा, देशात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २०००ला बंद झालं.

"मग हा फियाटचा प्लग हितं कुठनं आला?"

खरंच, पांढुरक्या मातकट राखेत मोहरीपेक्षा बारीक चकचकीत दाणे होते. गाडीवाल्या पोराला फोन लावला. "पेट्रोलच की मामा." कुठल्या पंपावरचं? मग जरा गप्प. डिकीत बघा म्हणाला. डिकीत वीस लिटरचा कॅन, अर्धा भरलेला, आत निळंशार पेट्रोल. अॅव्हगॅस १००एलएल, छोट्या पंख्याच्या विमानांचं. ड्रॅग रेसवाल्या मित्राकडून आणलेलं. मित्रानं कुठून आणलं ते त्यानं सांगितलं नाही आणि मीही खोदून विचारलं नाही.

"विमानाला चालतंय म्हणजे भारीच असणार की!"

याच्या नावातला एलएल म्हणजे 'लो लेड'. विमानवाल्यांच्या हिशेबानं कमी. लिटरला ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसं चालतं त्यात. आपल्या पंपावरच्या पेट्रोलला मर्यादा ०.००५ ग्रॅमची, म्हणजे शंभरपटीहून जास्त फरक. पोरानं असे तीन कॅन रिचवले होते. सेन्सरच्या टोकाला प्लॅटिनमचा पातळ थर असतो, कॅटकॉनच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम. शिसं त्यांना मोडत नाही, वर बसून तोंड दाबतं. म्हणून जाळी दिसायला नवी. विमानाच्या इंजिनाला हा त्रास नाही, त्याला ना कॅटकॉन ना हा सेन्सर.

आणि फायदा काय? ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे, टकटक न करता दाब सोसायची क्षमता. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या, मॅपमध्ये स्पार्क आणखी लवकर पडेल असा बदल केलेला नसेल तर जादा ऑक्टेन सायलेन्सरवाटे वाया. शिवाय पुण्यात डिसेंबर २०२०पासून पंपावर १०० ऑक्टेनचं बिनशिशाचं पेट्रोल मिळतं. महाग आहे, पण नव्या कॅटकॉनचा आकडा ऐकल्यावर पोरगं मटकन खाली बसलं.

मग म्हणाला, "मामा, जाळी काढून टाका. मागच्या सेन्सरला काहीतरी जुगाड करा." मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं करून दिलं. पीयूसी पण निघाली. आमच्याकडे पीयूसी निघत नाही अशी गाडी मी अजून बघायचोय.

त्याला मूर्ख म्हणून मोकळं होता आलं असतं. पण पहिल्या खेपेलाही प्लग मीच काढले होते. राख तेव्हाही होती. स्कॅनरनं सेन्सर सांगितला होता, म्हणून मी प्लगकडे नीट बघितलंच नाही. इथेनॉलचा प्रताप म्हटलं. हल्ली काहीही झालं की इथेनॉलवर ढकलायची सवय लागलीय सगळ्यांना, मलाही. आणि एअर गननं ती राख उडवून दिली, टेबलावर, जिथं माझ्या हाताखालची दोन पोरं डबा खातात. दुसऱ्या दिवशी मास्क आणि हातमोजे आणले. पोरं मी बघतोय तेवढंच घालतात. "आबा तर पेट्रोलनंच हात धुवायचे की!" म्हणतात.

पहिल्या सेन्सरचे पैसे मी अर्धे परत केले. आबा म्हणाले, एक रुपया द्यायचा नव्हता. पोरगं म्हणालं, सगळे द्यायला पाहिजे होते. निळा कॅन तो न्यायला आलाच नाही. मागच्या शेडमध्ये पडलाय, आणि ते पेट्रोल कुठं न्यायचं हे मला सांगणारा अजून कुणी भेटलेला नाही.