विषय बदलाचा अर्ज आणि कॉलेजचं पहिलं सत्र

शाळेतून कॉलेजात गेल्यावर मोठे वर्ग, नव्या ओळखी, दर तासाला वेगळी खोली हे सगळं लवकरच अंगवळणी पडलं. मी अडकले ते एका अर्जापाशी, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही.

माझ्या दोन विषयांचे तास एकाच वेळी येत होते, त्यामुळे ऐच्छिक विषय बदलणं भागच होतं. ऑफिसच्या खिडकीवर सांगितलं, "आधी विभागप्रमुखांची सही आणा." विभागात मॅडम म्हणाल्या, "जागा शिल्लक आहे असं ऑफिसने लिहून दिल्याशिवाय मी सही कशी करणार?" परत खिडकी. तिथे आता दुसरेच गृहस्थ. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला आणि बोट ठेवलं, "जुन्या विषयाच्या शिक्षकांची सही कुठे आहे?" त्या रकान्याबद्दल तोवर कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. तिकडे नव्या विषयाचे सर म्हणत होते, "यादीत नाव नाही, हजेरी लागणार नाही." मुदत जवळ येत होती आणि मी धड या वर्गात नाही, धड त्या वर्गात नाही.

शाळेत हे सगळं वर्गशिक्षिका बघायच्या. इथे प्रत्येक टेबल आपापला रकाना बघतं, अख्खा विद्यार्थी कुणालाच दिसत नाही. कुठली सही आधी आणि कुठली नंतर, एवढी एक ओळ अर्जावर छापली तर किती मुलांचे हेलपाटे वाचतील!

शेवटी एका सीनियर ताईने मार्ग सांगितला. प्राचार्यांच्या नावे वेगळा अर्ज लिहिला, वेळापत्रकाच्या झेरॉक्सवर एकमेकांवर येणाऱ्या तासांना लाल गोल केले आणि आवक-जावक टेबलावर देऊन माझ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. ती प्रत खिडकीवर ठेवून एवढंच म्हटलं, "सर, जागा आहे की नाही ते इथे लिहून द्या." त्यांनी रजिस्टर उघडलं, बोट फिरवलं, 'जागा उपलब्ध' लिहून सही केली. बाकीच्या सह्या त्याच दिवशी झाल्या. इतका हलकेपणा मला दहावीच्या निकालालाही वाटला नव्हता.

तुमचं असं काही अडलं असेल तर नव्या वर्गात बसणं थांबवू नका. सरांना विनंती करून हजेरी वेगळ्या कागदावर मांडून घ्या.

बुडालेल्या तासांच्या वह्या मैत्रिणीकडून आणल्या, पण त्या नुसत्या वाचून भागत नाही. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्राच्या संशोधकांच्या 2006 सालच्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. आठवड्यानंतर मात्र वाचून झाल्यावर न बघता लिहून काढणारे पुढे होते. मी तेव्हापासून वही मिटून लिहिते. कॉलेजात रोजचा गृहपाठ कुणी तपासत नाही. वर्गातल्या एका तासामागे घरी दोन तास, हा अनेक विद्यापीठांत सांगितला जाणारा हिशोब आपला आपणच पाळायचा.

हो, आणि सत्राचं कॅलेंडर हातात आलं की विषय बदलाची शेवटची तारीख सगळ्यात आधी शोधा.

शिक्क्याची ती प्रत निकालानंतरही जपून ठेवा. माझ्या पहिल्या गुणपत्रिकेवर जुनाच विषय छापून आला होता; ती प्रत दाखवल्यावरच दुरुस्त झाला.